गाडी ओहोटीची, गळ भरतीचा

जबलपूरपासून समुद्र फार दूर आहे. येथून मुंबईस निघालेली आगगाडी जवळजवळ हजार किलोमीटर धावते, तेव्हा कोठे खाऱ्या वाऱ्याची झुळूक अंगाला लागते. अशा गावी बसून समुद्रकाठच्या वाळूत मोटार कशी चालवावी याविषयी लिहावयाचे म्हणजे वाचकांस थोडे नवल वाटेल. परंतु या विषयावर बोलण्याचा जबलपूरचा अधिकार मोठा आहे. आपल्या सैन्यासाठी चारही चाकांना इंजिनाची शक्ती पोहोचविणारी वाहने वर्षानुवर्षे ज्या गावात तयार होत आली, ते हे गाव होय. १९०४ साली येथे तोफगाड्यांचा कारखाना, म्हणजे गन कॅरेज फॅक्टरी, स्थापन झाला. स्वातंत्र्यानंतर जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने ‘शक्तिमान’ ट्रक येथे तयार होऊ लागले आणि १९६९ साली वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना, व्हेइकल फॅक्टरी, उभा राहिला. २०२१ पासून हा कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या सरकारी कंपनीचा भाग आहे.

याच कारखान्याचे ‘जोंगा’ हे वाहन एका पिढीच्या चांगल्या परिचयाचे आहे. नाव ऐकून ते कोठल्या तरी परदेशी प्राण्याचे असावे असा अनेकांचा समज होतो. वस्तुतः ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांपासून ते बनले आहे. मूळ नमुना जपानच्या निसान कंपनीच्या पेट्रोल नावाच्या गाडीचा. सहा सिलिंडरांचे, सुमारे चार लिटरचे पेट्रोलवर चालणारे इंजिन, उंच बांधणी आणि पुढच्या चाकांनाही गती देणारी यंत्रणा ही तिची वैशिष्ट्ये. १९९९ च्या सुमारास तिची निर्मिती थांबली. तथापि जुन्या जोंगा विकत घेऊन त्या प्रेमाने सांभाळणारी माणसे आजही आढळतात.

आता अशी गाडी केवळ सैन्याची राहिलेली नाही. महिंद्राची थार, मारुतीची जिम्नी यांसारखी चारही चाके ओढणारी वाहने साध्या कुटुंबांच्या दारात दिसू लागली आहेत. दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत नागपूर, भोपाळ, जबलपूर, इंदूर येथील मराठी कुटुंबे अशा गाड्या घेऊन थेट कोकणात उतरतात. मागच्या बाजूला मुलांची खेळणी, जेवणाचे डबे आणि एखादा हौशी गळ असतो. किनारा दिसताच ‘आपली गाडी चार चाकांची आहे, हिला काय धाड भरली आहे!’ असे कोणी तरी म्हणतो आणि चाके वाळूत उतरतात. पुढे काय होते ते दर सुट्टीत वृत्तपत्रांतून आपण वाचतोच. गाडी रुतते, भरती येते, आणि पाणी दारापर्यंत चढलेले पाहत सारे कुटुंब किनाऱ्यावर उभे राहते. म्हणूनच या वेळी वाळू, चाक आणि समुद्र यांच्या परस्परसंबंधांचा थोडा विचार करू.

वाळूत गाडी का रुतते? शक्ती कमी पडते म्हणून, असे उत्तर बहुधा मिळते. ते बरोबर नाही. बहुतेक गाड्या रुततात त्या शक्ती अधिक लावल्यामुळे. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. वरून भार पडला म्हणजे ते एकमेकांत अडकतात आणि त्या अडकण्याच्या बळावरच वाळू आपल्याला तोलून धरते. चाक हळूहळू पुढे सरकते तोपर्यंत हे अडकणे टिकते. चाक जागच्या जागी गरगर फिरू लागले की कण सुटतात, मागे फेकले जातात आणि चाक स्वतःसाठी खड्डा खणू लागते. चालक घाबरून अधिक पेट्रोल देतो, खड्डा अधिक खोल होतो आणि काही क्षणांत गाडीचे पोट वाळूवर टेकते. पोट टेकले म्हणजे चाकांवरील भार नाहीसा झाला; मग चारच काय, आठ चाके फिरली तरी उपयोग नाही.

चारही चाके ओढत असली म्हणजे नेमका लाभ कोणता, हेही समजून घेतले पाहिजे. ज्या गाडीची फक्त मागची चाके ओढतात, तिची पुढची चाके वाळूत नांगराप्रमाणे घुसतात आणि मागच्या चाकांना ते ओझेही ढकलावे लागते. पुढची चाके स्वतः ओढू लागली म्हणजे ती वाळूवर चढण्याचा प्रयत्न करतात आणि प्रत्येक चाकाच्या वाट्याला थोडेथोडेच काम येते. कामाची अशी वाटणी झाली की कोणतेही एक चाक वाळूचा बांध फोडीत नाही. परंतु येथेही एक मेख आहे. वळण घेताना दोन्ही बाजूंच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरता यावे म्हणून आसावर डिफरन्शियल नावाची यंत्रणा असते. तिचा स्वभाव असा की जे चाक मोकळे सुटले असेल त्याच बाजूला गती जाते. त्यामुळे पुढचे एक व मागचे एक चाक सैल वाळूत सापडले, तर उरलेली दोन चाके घट्ट जमिनीवर असूनही स्वस्थ उभी राहतात. काही गाड्यांत हे डिफरन्शियल जखडून टाकण्याची किंवा मोकळ्या चाकाला ब्रेक लावण्याची सोय असते; ती आपल्या गाडीत आहे की नाही हे घरून निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

खरी युक्ती इंजिनात नसून टायरमधल्या हवेत आहे. एक सोपा हिशेब करू. माणसांसह गाडीचे वजन १८०० किलो धरले, तर प्रत्येक चाकावर ४५० किलो भार आला. पेट्रोल पंपावर ज्याला ३२ पौंड हवा म्हणतात, ती म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे सव्वादोन किलोचा दाब. ४५० ला सव्वादोनने भागले की २०० चौरस सेंटिमीटर येतात. म्हणजे एवढी अवजड गाडी प्रत्येक चाकापाशी माणसाच्या पंज्याएवढ्या जागेवर उभी असते! आता तीच हवा १६ पौंडांवर आणली तर टायर खाली पसरतो आणि टेकण्याची जागा दुप्पट, म्हणजे ४०० चौरस सेंटिमीटर होते. टायरच्या भिंती काही भार स्वतः पेलतात, म्हणून हा हिशेब स्थूल समजावा. पण त्यातील तत्त्व खरे आहे. तुलनेसाठी पाहा: ६० किलो वजनाचा माणूस अनवाणी एका पायावर उभा राहिला, तर त्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोहूनही कमी भरतो. मुले ज्या वाळूवरून हसतखेळत धावतात तिच्यात मोटार का बुडते, याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. उंटाचा पसरट पाय आणि बैलगाडीची अरुंद लोखंडी धाव यांतील फरकही हाच.

ही युक्ती जगाला नीट दाखवून देणाऱ्यांमध्ये राल्फ बॅगनॉल्ड या ब्रिटिश सैनिकी अभियंत्याचे नाव प्रथम घ्यावे लागेल. १९२९ ते १९३२ या काळात त्याने व त्याच्या सोबत्यांनी साध्या फोर्ड मोटारी घेऊन ईजिप्त व लिबियाच्या वाळवंटात मोठमोठे प्रवास केले. त्या गाड्यांची फक्त मागचीच चाके ओढत असत. टायरमधील हवा कमी करणे आणि रुतलेल्या चाकाखाली पन्हळीसारखे पोलादी पट्टे सरकविणे एवढ्या भांडवलावर त्यांनी वाळूचे डोंगर ओलांडले. १९४० साली दुसऱ्या महायुद्धात त्याच अनुभवातून लाँग रेंज डेझर्ट ग्रुप ही सैनिकी तुकडी उभी राहिली आणि पुढे भारतीय घोडदळातील जवानांचे एक पथकही तिच्यासोबत वाळवंटात वावरले. वाळूच्या स्वभावावर बॅगनॉल्डने १९४१ साली प्रसिद्ध केलेला शास्त्रीय ग्रंथ आजही अभ्यासला जातो. दोन चाके ओढणाऱ्या गाडीने जे साधले ते चार चाके ओढणाऱ्या गाडीला साधत नसेल, तर दोष चाकांच्या संख्येत नाही हे उघड आहे.

तेव्हा वाळूत उतरण्यापूर्वी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. प्रथम, घट्ट जमिनीवर असतानाच चारही चाकांची कळ लावावी; रुतल्यानंतर ती लावणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे होय. हवा १६ ते १८ पौंडांपर्यंत उतरवावी. त्याहून फार खाली गेल्यास वळणावर टायर रिंगेतून निसटण्याची भीती असते. हवा कमी असताना वेग मंद ठेवावा आणि तीव्र वळण घेऊ नये. खालच्या गिअरात, एकसारख्या गतीने, पाय न थरथरवता जावे. थांबावयाचे झाल्यास ब्रेक दाबू नये, कारण ब्रेकने चाकापुढे वाळूचा ढीग साचतो. पेट्रोल सोडून गाडी आपोआप थांबू द्यावी, आणि शक्य तर तिचे तोंड उताराकडे असताना थांबावे. परतताना आपल्याच चाकोरीतून यावे, कारण तेथील वाळू एकदा दबलेली असते. हवा भरण्याचा छोटा पंप व दाब मोजण्याचे साधन जवळ असल्याखेरीज हवा काढूच नये. मऊ टायरांनी डांबरी रस्त्यावर वेगाने जाणे वाळूत रुतण्याहून अधिक घातक आहे.

इतके करूनही गाडी बसलीच, तर पहिली आज्ञा अशी: पेट्रोलवरचा पाय काढा. चाक एकदा गरगरले की दुसऱ्यांदा प्रयत्न करू नये. सर्व मंडळींना खाली उतरवावे. चार माणसे व सामान उतरले की अडीचशे-तीनशे किलो भार कमी होतो. मुलांना एका जबाबदार व्यक्तीसोबत भरतीरेषेच्या वर पाठवावे. मग फावड्याने, नसेल तर ताटाने, चाकांपुढची व मागची वाळू काढावी. कोरडी वाळू ३० ते ३५ अंशांच्या उतारावर स्थिरावते, त्याहून उभी राहत नाही; म्हणून चाकापुढे नुसता खड्डा न करता लांब, सौम्य उतार करावा, नाहीतर काढलेली वाळू पुन्हा घसरून येते. त्या उतारावर गोणपाट, फळ्या किंवा नारळीच्या झावळ्या पसराव्यात. जॅक लावावयाचा झाल्यास त्याच्याखाली रुंद फळी ठेवावी, अन्यथा गाडी वर येण्याऐवजी जॅकच खाली जातो. दुसऱ्या वाहनाने ओढावयाचे असेल, तर दोर गाडीच्या सांगाड्यावरील नेमलेल्या कड्यातच अडकवावा आणि दोराच्या आसपास कोणालाही उभे राहू देऊ नये. ताणलेला दोर तुटून उसळतो तेव्हा तो प्राणावर बेतू शकतो.

हे सारे शिक्षण वाळवंटासाठी पुरेसे आहे, समुद्रकिनाऱ्यासाठी नाही. वाळवंटातील वाळू वाट पाहते, समुद्र वाट पाहत नाही. किनाऱ्याची वाळूही सर्वत्र एकसारखी नसते. भरतीरेषेच्या वरची, सुरूच्या बनाजवळची वाळू कोरडी व भुसभुशीत असते. पाण्याच्या अगदी काठची वाळू पाण्याने पूर्ण भरलेली असते आणि तीही पायाखालून सरकते. या दोहोंमधला ओलसर पट्टा मात्र फरसबंदीसारखा टणक लागतो. मुलांचे वाळूचे किल्ले ज्या कारणाने उभे राहतात तेच कारण येथेही आहे: थोडे पाणी कणांना एकमेकांकडे ओढून धरते, पाणी अजिबात नसले किंवा फार झाले की ती मिठी सुटते. किनाऱ्याचा उतार पाहूनही पुष्कळ कळते. सपाट किनाऱ्याची वाळू बहुधा बारीक व घट्ट असते. उभ्या उताराच्या किनाऱ्याची जाड व सैल. खाडीच्या मुखाशी आणि ओढा समुद्राला मिळतो तेथे वरून कोरडी दिसणारी वाळूही आतून पाण्याने भरलेली असते. तेथे चाक घालूच नये.

चालकाला जो टणक पट्टा मोहात पाडतो तो समुद्राच्या मालकीचा आहे, हे विसरता येत नाही. सहा तासांपूर्वी तो पाण्याखाली होता आणि काही तासांनी पुन्हा जाणार आहे. कोकणातील जुन्या माणसांना यासाठी घड्याळाचीही गरज पडत नाही. तिथीची पाऊणपट करावी की पूर्ण भरतीची वेळ मिळते, असा त्यांचा हिशेब आहे. चतुर्थीला चाराचे पाऊण म्हणजे तीन. दिवसा तीनच्या आणि रात्री तीनच्या सुमारास भरती पूर्ण होते. अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण घरातील दिनदर्शिका पाहून प्रवासाचा बेत ठरविण्यास एवढे पुरते. पूर्ण भरतीनंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते आणि रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. निश्चित वेळेसाठी त्या बंदराचे छापील भरतीचे कोष्टक पाहावे.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची भरती उधाणाची आणि अष्टमीच्या आसपासची भांगाची. मुंबईजवळ उधाणाच्या दिवशी भरती व ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरांहून अधिक अंतर पडते. दक्षिणेकडे गोव्यापर्यंत ते उतरत उतरत दोन मीटरांच्या आसपास येते. चार मीटर हा आकडा लहान वाटेल. पण किनाऱ्याचा उतार पन्नास मीटरांस एक मीटर असा असेल, तर चार मीटर चढणारे पाणी दोनशे मीटर आत येते. शिवाय ते सर्व वेळ सारख्या गतीने येत नाही. पहिल्या तासात ते आळसावल्यासारखे वाटते; तिसऱ्या व चौथ्या तासांत मिळून निम्मी भरती चढते. म्हणजे त्या दोन तासांत समुद्र शंभर मीटर जवळ येतो. रुतलेली गाडी फावड्याने मोकळी करण्यास तासभर सहज लागतो. ओहोटीला निवांत उभी केलेली गाडी माणसांच्या डोळ्यांदेखत पाण्यात का सापडते, हे आता निराळे सांगावयास नको.

येथेच मासेमारीच्या हौशीची खरी अडचण उभी राहते. मासे काठाशी येतात ते बहुधा चढत्या पाण्याबरोबर. नुकत्याच बुडालेल्या वाळूतील किडे, शिंपले व लहान खेकडे खाण्यासाठी मुडदुशी, बोय यांसारखे मासे उथळ पाण्यात शिरतात. खाडीच्या मुखाशी भरतीबरोबर जिताडाही येतो. म्हणजे गळ टाकण्याची उत्तम वेळ आणि गाडी किनाऱ्यावर ठेवण्याची सर्वांत वाईट वेळ एकच! या पेचातून सुटण्याचा मार्ग साधा आहे. गाडीने ओहोटी धरावी, गळाने भरती धरावी. पाणी उतरत असताना सामान न्यावे, ओहोटी पूर्ण होण्यापूर्वी गाडी वर आणून घट्ट जमिनीवर लावावी, आणि मग गळ खांद्यावर टाकून पायी परत जावे. दोन-चारशे पावले चालण्याचा कंटाळा अनेकांना फार महाग पडला आहे.

रापण ओढणाऱ्या मालवणच्या मच्छीमारांकडून या बाबतीत घेण्यासारखे पुष्कळ आहे. होडीने जाळे अर्धगोलाकार पाण्यात सोडतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरील माणसे ओढतात. जाळ्याचे ओझे कितीही असो, ते अनेकांच्या हातांत वाटलेले असते. प्रत्येकाचे पाय वाळूत थोडेसेच रुततात आणि पुढे सरकतात. मिळालेल्या माशांचीही वाटणी होते. या किनाऱ्यावर त्यांची उपजीविका चालते. जेथे जाळी वाळत घातली आहेत, होड्या ओढून ठेवल्या आहेत किंवा रापण लागली आहे, तेथून चाके नेणे म्हणजे कोणाच्या शेतातून गाडी नेण्यासारखे आहे.

आणखी एक वस्ती आपल्याला दिसत नाही, म्हणून तिचा उल्लेख मुद्दाम करावयास हवा. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्रकासवी रात्री किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ पासून ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांच्या संरक्षणाचे काम उभे केले. आंजर्ल्यासारख्या अन्य गावांतही ते पसरले. कासवी भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत, हातभर खोल खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि ती झाकून समुद्रात निघून जाते. पिले बाहेर येण्यास दीड ते दोन महिने लागतात. नेमक्या याच कोरड्या पट्ट्यात आपण गाडी वळवितो. वरून जाणारे चाक घरटे दाबते आणि मागे राहिलेल्या खोल चाकोरीत समुद्राकडे निघालेली पिले अडकून पडतात. या कासवांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे.

म्हणून कोठे जावे आणि कोठे जाऊ नये हा प्रश्न चालकाच्या कौशल्याच्या आधी येतो. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन चालविणे दंडनीय आहे. कोकणातही अनेक किनाऱ्यांवर वाहनांस मनाई असते. ग्रामपंचायतीत किंवा पोलीस ठाण्यात एक प्रश्न विचारला की खुलासा होतो. केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाड येथे घट्ट वाळूवर वाहन नेण्याची प्रसिद्ध सोय आहे. ज्यांना केवळ हौस भागवावयाची आहे त्यांनी अशी मान्य जागा शोधावी. खाऱ्या वाळूतून आलेली गाडी त्याच दिवशी खालच्या बाजूने गोड्या पाण्याने धुतली पाहिजे, नाहीतर मीठ पत्रा व ब्रेकच्या नळ्या खाऊ लागते.

आणि ज्यांना कोकण दूर पडते त्या जबलपूरकरांसाठी नर्मदा आहेच. उन्हाळ्यात पात्राकाठी वाळूचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात. समुद्राची भरती तेथे नसली, तरी नदीची म्हणून एक भरती असते. शहराच्या वरच्या अंगाला बरगीचे धरण आहे आणि त्याचे पाणी सोडले म्हणजे खालच्या पात्रातील पातळी आकाशात ढग नसतानाही वाढते. पाणी सोडण्याच्या सूचना दिल्या जातात. त्या न ऐकता पात्रात गाडी उभी करणे किंवा मुलांना खडकावर बसवून गळ टाकणे हे धाडस नव्हे. वाळू उपसून पडलेले खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत, हेही लक्षात असावे. मासेमारीच्या दृष्टीने मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट हा प्रजननाचा काळ बंदीचा असतो. नर्मदेतील महसीर हा २०११ पासून राज्याचा मासा मानला गेला आहे आणि त्याची संख्या घटत चालली आहे. तो गळाला लागलाच तर अलगद सोडून द्यावा. स्नानाच्या घाटांपासून तर गळ दूरच ठेवावा, कारण तेथे येणाऱ्यांच्या भावना वेगळ्या असतात.

कुटुंबासह निघणाऱ्या वाचकांनी एवढे करावे. निघण्यापूर्वी दिनदर्शिकेत तिथी पाहावी, तिची पाऊणपट करावी आणि परत फिरण्याची वेळ कागदावर लिहून ती गाडी चालविणाऱ्याकडे नव्हे, तर घरातील दुसऱ्या कोणाकडे द्यावी. मासा लागत असताना गळाजवळच्या माणसाला वेळ दिसत नाही, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. ती वेळ झाली की गाडी वर घ्यावी. मग मासा लागो अथवा न लागो. गाडी सुरूच्या सावलीत घट्ट जमिनीवर उभी आहे आणि मुले आपल्याजवळ आहेत, एवढी खात्री असली म्हणजे चढत्या पाण्यात गळ टाकून बसण्यात खरा आनंद आहे.